रस्त्यावरचं शेंदेलोण

रविवार, १ फेब्रुवारी २००९

निवृत्त झालो की लंडनला मुलीकडे तीन आठवडे जायचं, हे चार वर्षं नुसतं ठरत होतं. शेवटी काल आम्ही दोघं हीथ्रोला उतरलो. आज सकाळी जावईबापूंनी फ्रिजवर लावलेला कागद दाखवला. सोमवारी ब्रिटिश म्युझियम, मंगळवारी टॉवर ऑफ लंडन, बुधवारी ट्रॅफल्गार स्क्वेअर, शुक्रवारी बसच्या सहलीनं बाथ आणि स्टोनहेंज. माणूस आयटीतला, त्यामुळे प्रत्येक ओळीपुढे वेळ लिहिलेली. त्यातलं फक्त एक कलम ठरल्या दिवशी पार पडलं, तेही निम्मंच.

टीव्हीवर दुपारपासून इशारे चालू होते. वारा पूर्वेचा आहे, रशियाकडून थेट येतोय, वाटेत उत्तर समुद्रावरून बाष्प उचलतोय आणि आग्नेय इंग्लंडवर रिकामं करणार आहे. म्हणजे बर्फ अचानक आला असं नंतर कितीही जण म्हणाले तरी हवामान खात्यानं सांगायचं ते सांगितलं होतं. अंदाज चुकला तो ऐकणाऱ्यांचा. लंडनमध्ये बर्फ म्हणजे तासभर भुरभुर आणि दुपारी ओला रस्ता, असा अठरा वर्षांचा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी होता. मुलगी म्हणाली, "बाबा, इथे दर वर्षी हेच सांगतात. तुम्ही झोपा."

मी झोपलो नाही. मुंबईजवळच्या एका महापालिकेत रस्ते विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला असा इशारा ऐकून झोप येत नाही. रात्री नऊला खिडकीत उभा होतो. भुरभुर थांबून आता कापूस पिंजल्यासारखे मोठे पापुद्रे पडत होते. कोपऱ्यावरच्या मोठ्या रस्त्यावरून नारिंगी दिवा फिरवत एक लॉरी गेली, मागे काहीतरी गोल गोल उडवत. मला आधी वाटलं डासांची धूरफवारणी. जावईबापू हसून म्हणाले, "बाबा, तो ग्रिटर. मीठ टाकतोय."

"आपल्या गल्लीत कधी येणार?"

"इथे नाही येत."

सोमवार, २ फेब्रुवारी

पहाटे जाग आली ती शांततेनं. काल पहाटे मोठ्या रस्त्यावरून बसचा घरघराट येत होता, आज काहीच नाही. पडदा सारला तर गल्लीतल्या गाड्या ओळखू येत नव्हत्या. उशांची रांग मांडावी तसे नुसते पांढरे उंचवटे. फूटपट्टी घेऊन नातवाबरोबर बाहेर गेलो आणि कुंपणाच्या भिंतीवर मोजलं, साडेतेरा सेंटीमीटर. शहराच्या मध्यभागी साधारण दहाच्या आसपास आणि दक्षिणेला सरे परगण्यातल्या टेकड्यांकडे तीसच्या आसपास, असं टीव्हीवर सांगत होते. १९९१ नंतरचा सगळ्यात मोठा बर्फ.

कॅनडातल्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो चहाही खाली ठेवणार नाही. पण लंडनच्या सगळ्या बस बंद होत्या. काही मार्गांच्या नाही, सगळ्या. काल रात्रीच चालकांना गाड्या आत घ्यायला सांगितलं होतं. शाळेचा निरोप सातला आला, बंद. दक्षिण लंडनच्या रेल्वे जवळपास ठप्प. त्या गाड्या आपल्या लोकलसारखी डोक्यावरच्या तारेतून वीज घेत नाहीत, रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून साडेसातशे व्होल्ट घेतात. त्यावर बर्फाचा पापुद्रा धरला की गाडी जागच्या जागी. हीथ्रोवर एक विमान टॅक्सीवेवरून घसरलं आणि दोन्ही धावपट्ट्या काही काळ बंद झाल्या. आमचं तिकीट दोन दिवसांनी उशिराचं असतं तर आम्ही कुठे असतो, हा हिशोब सौ.नं दिवसभरात चार वेळा मांडला.

मला राहून राहून प्रश्न पडत होता तो भुयारी रेल्वेचा. जमिनीखालच्या गाडीला बर्फाचं काय? जावईबापूंनी नकाशा उघडून दाखवलं. नाव अंडरग्राउंड असलं तरी निम्म्याहून जास्त रूळ उघड्यावर आहेत, शहराच्या मधोमध तेवढा बोगदा. त्यामुळे सकाळी धड चालू होती ती एकटी व्हिक्टोरिया लाइन, कारण ती सबंध जमिनीखालून जाते. जावईबापूंचं ऑफिस कॅनरी व्हार्फला. त्यांनी सवयीनं बूट घातले, टाय बांधला, दार उघडलं, पाच मिनिटं बाहेर बघत उभे राहिले आणि टाय सोडून आत आले. संपूर्ण गल्लीनं त्या दिवशी हेच केलं असावं. दहा वाजेपर्यंत ट्रे, झाकणं, पुठ्ठे, जे सापडेल ते घेऊन लोक उतारावर घसरत होते. टाय सोडलेले बापे सगळ्यात पुढे.

आज रथसप्तमी, हे सौ.च्या पक्कं लक्षात होतं. सूर्याकडे तोंड करून दूध उतू घालवायचं. अंगणात गोवऱ्या पेटवायचा प्रश्नच नव्हता, विजेच्या शेगडीवर पातेलं ठेवलं. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेची, सूर्याचा पत्ता नाही आणि बर्फ नेमका त्याच दिशेनं आडवा येऊन काचेवर आपटतोय. दूध उतू गेलं, शेगडीचा अलार्म वाजला, नातू टाळ्या पिटत नाचला. सौ.नं खिडकीला हात जोडले. मी विचारलं, "नमस्कार कुणाला, सूर्याला की बर्फाला?" उत्तर मिळालं नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंतच करायचं असतं, म्हणून मुलीनं आज संध्याकाळी आठ जणींना बोलावलं होतं. दुपारपर्यंत आठही फोन येऊन गेले. कुणी हॅरोत अडकलेली, कुणाची गाडी गल्लीतून निघत नाही. शेवटी आल्या त्या बोलावणं नसलेल्या शेजारच्या इंग्लिश आजी, अठ्ठ्याहत्तरीच्या, बर्फात काठी रोवत, दूध मिळेल का विचारायला. सौ.नं त्यांना आत घेतलं, बसवलं, हळदकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. आजींचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. सवाष्णीचा हिशोब सौ.नं आपण होऊन बाजूला ठेवला आणि मला त्या दिवशीच्या सगळ्या घटनांपेक्षा ही घटना मोठी वाटली.

आजी तासभर बोलल्या. १९४७ च्या हिवाळ्यात त्या सोळा वर्षांच्या होत्या. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत देशात कुठे ना कुठे रोज बर्फ होता, कोळसा खाणींपाशी अडकलेला, घरात दिवसाचे कित्येक तास वीज नाही. पुढे ६३ साली थेम्स नदीही काही ठिकाणी गोठली. त्या मानानं आजचं हे म्हणजे, त्यांच्या शब्दांत, केकवरची साखर. आणि बस? त्यांनी तिळगूळ चघळत सांगितलं, "बॉम्ब पडायचे तेव्हा रस्त्यात खड्डा पडला तर बस शेजारच्या गल्लीतून जायची. पण जायची." हे वाक्य नंतर आठवडाभर मी टीव्हीवर, रेडिओवर, पेपरात इतक्यांदा ऐकलं की लंडनच्या प्रत्येक आजीनं ते एकाच दिवशी उच्चारलं असावं.

रात्रीच्या बातम्यांत महापौर बोरिस जॉन्सन दिसले, केस वाऱ्यानं विस्कटल्यासारखे (ते नेहमीच तसे असतात असं कळलं). म्हणाले, बर्फ योग्य प्रकारचाच आहे, फक्त प्रमाण चुकीचं आहे. मला विनोद कळला नाही. जावईबापूंनी उलगडला. १९९१ च्या बर्फात गाड्या बंद पडल्या तेव्हा रेल्वेनं दिलेल्या खुलाशाचं वर्तमानपत्रांनी 'चुकीच्या प्रकारचा बर्फ' असं करून टाकलं आणि तेव्हापासून इथे कुठलीही लंगडी सबब सांगितली की हेच म्हणतात. त्या दिवशीपुरता शहरात गाडी आणण्याचा कंजेशन चार्जही महापौरांनी माफ केला होता. गाडीच निघत नसताना टोलमाफी. आमच्याकडेही असले निर्णय वेळेवर होतात.

पण एका मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूनं आहे. इतक्या वर्षांतून एकदा येणाऱ्या बर्फासाठी ताफाभर स्नोप्लाऊ, म्हणजे लॉरीच्या तोंडाला लावायची बर्फ ढकलणारी पाती, विकत घेऊन ठेवणं शहाणपणाचं नाही, असं ते म्हणाले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुठलाच नाला तेवढ्यासाठी बांधलेला नव्हता, आणि तसा बांधायचं म्हटलं असतं तर त्याच शिव्या देणाऱ्यांनी आदल्या वर्षी खर्चावरून आम्हाला धारेवर धरलं असतं. तेव्हा मी चार दिवस घरी गेलो नव्हतो. असो.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

बर्फ थांबला, रात्रभर गोठला. कालची मजा आज काच झाली. मोठ्या रस्त्यावर बस धावू लागल्या होत्या, डांबर काळं दिसत होतं. पण आमच्या दारापासून त्या डांबरापर्यंत दोनशे मीटर आणि ते दोनशे मीटर कुणाचेच नव्हते. पायाखाली 'ब्लॅक आईस', म्हणजे दिसत नाही असा पातळ बर्फ. सौ. दारातून दोन पावलं गेली आणि कुंपण धरून परत आली. "मी काही जात नाही टॉवरबिवर बघायला. कोहिनूर आहे तिथेच राहू दे."

मी फावडं मागितलं. घरात फावडं नव्हतं, गल्लीत कुणाकडेच नव्हतं. धूळ भरायचं सुपडं आणि एक बेकिंग ट्रे घेऊन मी फुटपाथ साफ करायला लागलो तर समोरचा गृहस्थ धावत आला. भल्या माणसानं मला सल्ला दिला की करू नका. तुम्ही साफ केलंत आणि त्यावरून कुणी घसरलं तर तो तुमच्यावर दावा लावेल, नाही केलंत तर देवाची करणी. हा समज इथे घराघरात आहे. जर्मनीत घरापुढचा फुटपाथ झाडायचं काम घरमालकाच्या गळ्यात असतं, न्यूयॉर्कमध्येही तसंच. इथे तसा कायदा नाही, त्यामुळे सगळी गल्ली हात बांधून काउन्सिलची, म्हणजे इथल्या महापालिकेची, वाट बघत बसते.

मग काउन्सिलवर तरी कायदा आहे का? संध्याकाळी कॉम्प्युटरवर शोधत बसलो, ही माझी जुनी खोड. तर मजा अशी की, २००० साली इथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठानं, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सनं, गूड्स विरुद्ध ईस्ट ससेक्स काउंटी काउन्सिल या खटल्यात निकाल दिला होता की रस्ता दुरुस्त ठेवायचं कर्तव्य म्हणजे त्यावरचा बर्फ काढायचं कर्तव्य नव्हे. खड्डा तुमचा, बर्फ आभाळाचा. त्यावर पार्लमेंटनं २००३ साली हायवेज ॲक्टमध्ये पोटकलम घातलं, ४१ (१ए). बर्फानं रस्त्यावरची ये-जा धोक्याची होणार नाही हे रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्यानं पाहायचं, 'वाजवीपणे जेवढं शक्य आहे तेवढं'. हे वाचून मी एकटाच हसलो. त्या पाच शब्दांच्या आडोशाला जगातली प्रत्येक महापालिका उभी आहे. मीही एकतीस वर्षं तिथेच उभा होतो.

आज कचऱ्याचा वार होता. गाडी आली नाही. मुलीनं फोन लावला, पंचवीस मिनिटं संगीत ऐकलं आणि शेवटी कळलं की गाडी कधी येईल ते सांगता येत नाही. ती चिडली. मला मात्र पलीकडच्या टेबलावर बसलेला माणूसच डोळ्यांपुढे दिसत होता.

बुधवार, ४ फेब्रुवारी

गाडी का आली नाही ते आज प्रत्यक्ष कळलं. कोपऱ्यावरच्या दुकानांसमोर चार माणसं फावड्यांनी फुटपाथ खरवडत होती, पिवळी जाकिटं, त्यातले एक सरदारजी. मी रेंगाळलो. त्यांनी माझ्याकडे बघून सरळ हिंदीत विचारलं, "क्या देख रहे हो, बाऊजी?" मी सांगितलं, मीही याच धंद्यातला. मग काय, फावडं टेकलं.

ही सगळी मंडळी कचऱ्याच्या गाडीवरची. गल्ल्यांत सव्वीस टनांची गाडी घालणं धोक्याचं म्हणून काउन्सिलनं कचरा थांबवला आणि त्यांच्या हातात फावडी दिली. मीठ टाकणारे चालक तर रविवारपासून पाळ्यांनी जागत होते. मी म्हटलं, रविवारी रात्री नऊला मी स्वतः लॉरी पाहिली, मीठ पडलं होतं, मग सकाळी रस्ता पांढरा का? सरदारजी म्हणाले, "नमक को पहिया चाहिए."

मीठ आपणहून बर्फ वितळवत नाही. ते बर्फात मिसळावं लागतं, त्याचं खारं पाणी व्हावं लागतं आणि ते मिसळायचं काम गाड्यांची चाकं करतात. रविवारी रात्री आधीच रहदारी कमी, त्यात बस आत घेतलेल्या. बस नाहीत म्हणून मीठ काम करेना, मीठ काम करेना म्हणून बस निघेनात. शिवाय मीठ हा उपाय दवासाठी आणि पातळ थरासाठी. नुसता दव गोठणार असेल तर चौरस मीटरला दहा ग्रॅम, बर्फ पडणार असेल तर वीस ते चाळीस. मी मनात गुणाकार केला. सात मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्याला वीस ग्रॅमनं एकशे चाळीस किलो, चाळीस ग्रॅमनं दोनशे ऐंशी. एवढं टाकून वरून पुन्हा दहा सेंटीमीटर पडला की ते सगळं खाली गाडलं जातं. मग पातंच हवं, आणि पाती मोजकी.

"और बस का डिपो?" मी विचारलं. कारण हा प्रश्न कालपासून सलत होता. मुख्य रस्ते सोमवारी दुपारनंतर बरेच मोकळे झाले होते, मग बस मंगळवारपर्यंत का अडल्या? सरदारजींनी मान हलवली. डिपोचं फाटक ज्या गल्लीत उघडतं ती गल्ली कुणाच्या यादीत, तो खरा घोळ.

हे समजायला लंडनचा कारभार समजावा लागतो. एक महापौर आहे, पण महापालिका एक नाही. बत्तीस बरो, म्हणजे स्वतंत्र महापालिका, आणि एक सिटी ऑफ लंडन, अशी तेहतीस बिऱ्हाडं. लाल रेघांचे मोठे रस्ते, साधारण ५८० किलोमीटर, हे महापौरांच्या ट्रान्सपोर्ट फॉर लंडनकडे. लांबीनं ते शहराच्या रस्त्यांच्या फक्त पाच टक्के, पण जवळपास एक तृतीयांश रहदारी त्यांच्यावरून जाते. उरलेले पंच्याण्णव टक्के बरोंचे. प्रत्येक बरोचा मिठाचा ढीग वेगळा, लॉऱ्या वेगळ्या, आधी कुठला रस्ता करायचा ती यादीही वेगळी. बस मात्र सगळ्यांच्या हद्दीतून जाते आणि तिच्यासाठी रस्ता तुटला की तुटला. तीन किलोमीटर साफ आणि मधे दोनशे मीटर बर्फ, तर चालक बिचारा काय करणार? आमच्याकडे नाला एका वॉर्डातून दुसऱ्यात शिरताना जिथे अडतो, तिथेच हेही अडलं होतं. पुढे मार्चमध्ये लंडन असेंब्लीच्या परिवहन समितीनं या दिवसावर अहवाल काढला. भारतात परत आल्यावर मी तो वाचला. बरो आणि ट्रान्सपोर्ट फॉर लंडन यांनी एकमेकांशी आधी बोलून ठेवायला हवं होतं, हाच त्याचा गाभा. सरदारजींना दोन महिने आधी विचारलं असतं तरी चाललं असतं.

दुपारी एकटाच निघालो. किलबर्न हाय रोडला मुद्दाम उतरलो, कारण जावईबापूंनी सांगितलं होतं की या रस्त्याच्या पश्चिमेचा फुटपाथ ब्रेंटचा आणि पूर्वेचा कॅमडेनचा. मधे सरहद्द. रस्ता ओलांडला की महापालिका बदलते. मी दोनदा इकडून तिकडे गेलो. चहाच्या रंगाचा चिखलबर्फ दोन्हीकडे सारखाच होता, त्यानं सरहद्द मानलेली दिसली नाही. एका केळेवाल्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं.

ट्रॅफल्गार स्क्वेअरला पोचेपर्यंत चार वाजले. सिंहांच्या पाठीवरचा बर्फ कुणीतरी पुसून टाकला होता, की बसून पोरांनीच घालवला असेल. चौकात बर्फाच्या बाहुल्यांचे उरलेले बुंधे, एकाच्या डोक्यावर बिअरचा डबा. सोमवारी इथे बँकेतले लोक एकमेकांवर गोळे फेकत होते म्हणे. अंधार लवकर पडला, नॅशनल गॅलरीत अर्धा तास ऊब घेतली आणि परत आलो. फ्रिजवरच्या कागदावरचं पार पडलेलं निम्मं कलम ते हेच.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज नवा बर्फ, पण लंडनला किरकोळ, पश्चिमेकडे जोरात. आणि आजपासून बातमीचा शब्द बदलला. कालपर्यंत 'स्नो', आज 'सॉल्ट'. मीठ संपत आलं होतं.

हे मला खरंच नवीन होतं. बेटावर राहणाऱ्या लोकांचं मीठ संपतं? पण समुद्राच्या पाण्यापासून मीठ काढायला ऊन लागतं आणि ते या लोकांकडे कुठून येणार! यांचं मीठ खाणीतलं. चेशरमध्ये विन्सफर्डला १८४४ साली कोळसा शोधताना मीठ सापडलं, कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं. रस्त्यावर पडणारं बहुतेक मीठ तिथून किंवा उत्तर यॉर्कशरमधल्या बोल्बीच्या खाणीतून येतं, शिवाय उत्तर आयर्लंडमध्ये एक खाण आहे. सगळ्या काउन्सिलांनी एकाच आठवड्यात मागणी नोंदवली तर खाण काय, एका दिवसात काढायचं तेवढंच काढणार. सरकारनं मीठ आधी कुणाला द्यायचं हे ठरवायला गट बसवला. काउन्सिलांनी दुय्यम रस्ते यादीतून काढले. ज्यांच्याकडे ढीग होता त्यांनी शेजाऱ्याला लॉरीभर दिलं. ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागावं म्हणतात, पण रस्त्यावर टाकलेल्या मिठाला कोण कसं जागणार.

गल्लीच्या तोंडाशी पिवळी पेटी होती, 'ग्रिट' लिहिलेली. लोकांनी गरजेनुसार मूठमूठ घ्यावी म्हणून. झाकण उचललं तर आत तळाशी ओंजळभर उरलेलं. हातात घेतलं. पांढरं नव्हे, तांबूस, मधे मातीचे कण, खडीएवढे खडे. मी लहानपणी उरणच्या मिठागरांच्या बांधावरून शाळेत गेलेला माणूस, मीठ म्हटलं की मला पांढऱ्या राशी आणि डोळ्यांवर येणारं ऊन आठवतं. हे भलतंच काहीतरी होतं. कागदात चार खडे बांधून घरी नेले. सौ.नं खिडकीच्या उजेडात धरून पाहिले आणि निकाल दिला, "अहो, हे तर शेंदेलोण. उपासाला चालेल की." मुलीनं ओरडून ते तिच्या हातातून काढून घेतलं. पण बाईंनी ओळखलं होतं बरोबर, खाणीतलं मीठ म्हणजे सैंधवच. ज्यासाठी आम्ही वाण्याकडे शंभर ग्रॅमची पुडी मागतो, ते हे लोक टनांनी चाकांखाली घालत होते.

संध्याकाळी त्यातलं उरलेलं ओंजळभर आणून मी आजींच्या पायऱ्यांवर टाकलं. कोण दावा लावतो ते बघू म्हटलं. चाकं नव्हती, म्हणून बुटांनी रगडलं. नातूही रगडायला आला.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

बाथची सहल रद्द. सकाळी साडेसहाला निरोप आला, पैसे परत मिळणार म्हणे. पश्चिमेत कालपासून धुमाकूळ होता. डेव्हनमध्ये हॅल्डन हिलच्या चढावर दोनेकशे गाड्या रात्रभर अडकल्या, लोकांना आसऱ्याला न्यावं लागलं. सेव्हर्न नदीवरचे दोन्ही मोठे पूल बंद, कारण पुलाच्या उंच भागांवरून बर्फाच्या लाद्या सुटून खालच्या गाड्यांवर पडत होत्या. आभाळातून पडणारा बर्फ ठीक, पुलावरून पडणारा कुठल्या कलमात बसतो ते मी शोधलं नाही.

दिवसभर पत्ते खेळलो. सौ. सात-आठमध्ये चार वेळा जिंकली.

शनिवार, ७ फेब्रुवारी

पागोळ्या गळायला लागल्या. नातवाच्या बर्फाच्या माणसाचं डोकं गळालं, गाजर खाली पडलं, ते एका कोल्ह्यानं नेलं. लंडनमध्ये कोल्हे गल्लीत फिरतात हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्युझियमपेक्षा तोच जास्त लक्षात राहील.

अकराच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी ओळखीचा घरघराट आणि ब्रेकचा चीत्कार. कचऱ्याची गाडी! शनिवारी, जादा पाळीवर. क्षणात सगळी दारं उघडली. ड्रेसिंग गाऊन घातलेले, चपला उलट्यासुलट्या घातलेले, ब्रश तोंडात धरलेले, गल्ली अख्खी डबे ओढत बाहेर. घंटागाडी आल्यावर आमच्या सोसायटीत जे होतं तेच, फक्त इथे घंटा नव्हती आणि कुणी ओरडत नव्हतं. गाडीच्या मागच्या फळीवर सरदारजी उभे. मला बघून त्यांनी हात केला.

इतक्या दिवसांचा कचरा आमच्या डब्याच्या वर चार बोटं आला होता. सरदारजींनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. झाकण पूर्ण बंद नसेल तर उचलायचा नाही, असा काउन्सिलचा नियम. मी म्हटलं, "अरे भाई, अपनी पहचान है." ते म्हणाले, "बाऊजी, आप तो समझते हो."

समजत होतोच. मी जावईबापूंना हाक मारली. ते कुंपणावर चढले, तिथून डब्यावर उतरले आणि झाकण बसेपर्यंत उड्या मारत राहिले. आजी त्यांच्या दारातून मोजत होत्या.